गाडी खाली केली, चाकं बदलली: आता ट्यूफ काय बघणार?

स्प्रिंगला मान्यतेचा कागद आहे, रिमलाही कागद आहे, तरी ट्यूफचा, म्हणजे जर्मनीतल्या वाहन-तपासणी संस्थेचा, तपासनीस नकारार्थी मान हलवतो. जर्मनीत गाडीत बदल करणाऱ्यांची गाडी सगळ्यात जास्त वेळा इथेच अडते. कारण त्या कागदांच्या शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. स्प्रिंगची तपासणी कंपनीच्या मूळ चाकांवर झालेली असते आणि रिमची तपासणी मूळ सस्पेन्शनवर. दोन्ही एका गाडीत बसवले की दोन्ही कागदांचा पाया हलतो. रिमच्या कागदावर ‘तपासणीची गरज नाही’ असं छापलेलं असलं, तरी ते गाडी खाली करायच्या आधीपर्यंतच खरं.

कायद्याची बाजू थोडक्यात. एसटीव्हीझेडओ या जर्मन वाहन नियमावलीचं कलम १९, परिच्छेद २ सांगतं की तीन प्रकारच्या बदलांनी गाडीची चालवण्याची मान्यता रद्द होते: वाहनाचा प्रकार बदलला, इतरांना धोका होण्याची शक्यता निर्माण झाली, किंवा धूर-आवाज वाढला. स्प्रिंग आणि चाकं दुसऱ्या कारणात बसतात. सुटका परिच्छेद ३ मध्ये आहे, आणि ती सुट्या भागासोबत आलेल्या कागदावर ठरते. एबीई (भागाची सर्वसाधारण मान्यता) असेल आणि त्यातल्या सगळ्या अटी पाळल्या असतील, तर कागद गाडीत ठेवला की पुरतं. अशा रिमवर केबीए (जर्मनीचं मोटर वाहन कार्यालय) नंबर असतो. टाइलेगुटाख्टन (भागाचा तपासणी अहवाल) असेल तर भाग बसवल्यावर लगेच तपासणी करून घ्यावीच लागते. ट्यूफ, डेकरा, जीटीयू, केयूएस या तपासणी संस्थांपैकी कुठेही ती होते. काहीच कागद नसेल, किंवा दोन कागद एकमेकांशी जुळत नसतील, तर प्रकरण कलम २१ च्या स्वतंत्र तपासणीकडे जातं. ती महाग असते आणि प्रत्येक केंद्र ती घेत नाही. भाग विकत घेण्याआधीच कागदांच्या प्रती तपासनिसाला पाठवून विचारून घ्या. बसवल्यावर विचारण्यात काही अर्थ नाही.

कागद वाचताना सगळ्यात आधी गाडीच्या नोंदणीपत्रातले कमाल अॅक्सलभाराचे रकाने, ८.१ आणि ८.२, बघा. स्प्रिंग अॅक्सलभारानुसार वेगवेगळ्या निघतात. त्याच मॉडेलच्या डिझेल गाडीची पुढची स्प्रिंग पेट्रोल गाडीला चालेलच असं नाही. टायरचंही तेच. अॅक्सलभार ११०० किलो असेल तर एका चाकाला ५५० किलो पेलायला हवेत. भारांक (टायरवर छापलेला भारक्षमतेचा आकडा) ८७ चा टायर ५४५ किलोचा, म्हणजे पाच किलोसाठी नापास. ८८ चा ५६० किलोचा, तो चालतो. रिमवर कोरलेला भारही याच हिशोबाने बघायचा.

आता चाक नेमकं कुठे येतं ते मोजू. मूळ चाक ७जे×१७ (रुंदी ७ इंच, व्यास १७ इंच), ऑफसेट (रिमची हबला टेकणारी बाजू मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर ते) ४९. नवं ८जे×१८, ऑफसेट ४५. रुंदी एक इंचाने वाढली, म्हणजे प्रत्येक बाजूला १२.७ मिमी. ऑफसेट ४ ने कमी झाल्यामुळे अख्खं चाक तेवढं बाहेर सरकलं. हिशोब असा: बाहेरची कड १६.७ मिमी बाहेर, आतली कड ८.७ मिमी शॉकअपकडे. बरेच जण फक्त बाहेरचं बघतात आणि आत टायर घासतो. व्यासाची मात्र चिंता नको. २२५/४५ आर १७ टायरचा साधारण ६३४ मिमी आणि २२५/४० आर १८ चा ६३७, स्पीडोमीटरला जेमतेम अर्ध्या टक्क्याचा फरक. स्पेसर (हब आणि रिम यांच्यामधली चकती) लावणार असाल तर त्याची जाडी ऑफसेटमधून वजा करा. ४५ च्या रिममागे १० मिमीचा स्पेसर म्हणजे ऑफसेट ३५. शिवाय आणखी एक कागद, त्याची स्वतःची गृहीतकं घेऊन.

बोल्टवर लोक फार निष्काळजी असतात. मूळ बोल्टपेक्षा स्पेसरच्या जाडीइतके जास्त लांब बोल्ट लागतात. एम१४×१.५ चा बोल्ट किमान साडेसात फेरे आत जायला हवा, एम१२×१.५ चा साडेसहा. गरजेपेक्षा लांब बोल्टही वाईट, तो आत ब्रेकच्या भागांना टेकतो. फोक्सवॅगन आणि आउडीचे मूळ बोल्ट गोल बैठकीचे असतात, तर बाहेरच्या बहुतेक रिमना शंकूची बैठक लागते. चुकीची जोडी हाताला घट्ट लागते, पण टेकते अगदी अरुंद पट्टीवर. मग ती सैल होते.

तपासणीत कर्णातली चाकं, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं, उंचवट्यावर चढवतात आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवतात. टायर मडगार्डला, आतल्या प्लास्टिकला, ब्रेकच्या पाइपला किंवा एबीएसच्या वायरला लागता कामा नये. मडगार्डने टायरची धाव चाकाच्या मध्यापासून पुढे ३० अंश आणि मागे ५० अंशांपर्यंत झाकायला हवी. लो-बीमची खालची कड जमिनीपासून ५०० मिमीच्या खाली नको. नंबरप्लेट पुढे २०० आणि मागे ३०० मिमीच्या वरच हवी. गाडी जॅकवर उचलली की स्प्रिंग सैल होऊन बैठकीत हलते का, हेही बघतात. फार खाली केलेल्या गाड्या इथे पडतात. स्प्रिंगवरचा नंबर वाचता आला पाहिजे, म्हणून बसवण्याआधी फोटो काढून ठेवा.

बसवताना एक गोष्ट हमखास चुकते: आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट चाकं हवेत लटकत असताना आवळले जातात. मग गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडी चाकांवर उभी असताना, किंवा जॅकने आर्म तेवढा उचलून, शेवटचं आवळा. त्यानंतर अलाइनमेंट, हेडलाइटची पातळी, आणि गाडीत कॅमेरा किंवा रडार असेल तर कंपनीच्या सूचनेप्रमाणे त्याचं कॅलिब्रेशन. अलाइनमेंटचा छापील कागद सोबत न्या. चाकांचे बोल्ट ५० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पान्याने तपासा.

उंची बदलता येणारं सस्पेन्शन असेल तर गुटाख्टनमध्ये आट्याच्या रिंगची वरची आणि खालची मर्यादा मिलिमीटरमध्ये दिलेली असते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर तपासनीस नोंदवतो. त्या नोंदीच्या बाहेर रिंग फिरवली तर तपासणी वाया. हिवाळ्यासाठी दुसऱ्या मापाची रिम वापरणार असाल तर तो संचही त्याच दिवशी डिकीत घालून न्या. नोंद फक्त दाखवलेल्या चाकांची होते. रिमच्या कागदात बर्फाच्या साखळीबद्दल काय अट आहे तेही वाचून घ्या. पुष्कळ रुंद टायरना ती लावायला परवानगीच नसते.