तुम्ही विचारलंत म्हणून: सकाळी सातला जाऊन बघा

हा प्रश्न मला बहुतेक वेळा कापसाचा बोळा हातावर धरलेला माणूस विचारतो. रक्त काढून झालेलं असतं, तो खुर्चीतून उठत असतो, आणि उठता उठता म्हणतो, "मॅडम, पोरीला तुमच्यागत लॅबचा कोर्स करायचाय. कुठलं कॉलेज बरं हाय?" मी आधी म्हणते, कोपर दुमडू नका, हात सरळ ठेवून दाबा, नाहीतर काळंनिळं होईल. मग म्हणते, दुपारी या. मागे दहा-बारा माणसं उपाशीपोटी बसलेली असतात, त्यांच्यासमोर कॉलेजच्या गप्पा कशा मारणार?

दुपारी येतात ते माहितीपत्रक घेऊनच येतात. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर मायक्रोस्कोपमध्ये डोळा घातलेली गोरी मुलगी, खाली '१०० टक्के प्लेसमेंट'. मी मिरजेत काम करते. १८९४ साली डॉक्टर वानलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि कर्नाटकापासून कोकणापर्यंतचा पेशंट इथं उतरू लागला. जिथं हॉस्पिटलं तिथं लॅब, जिथं लॅब तिथं टेक्निशियन, आणि जिथं टेक्निशियन लागतात तिथं 'प्रवेश सुरू आहे'चे बोर्ड. या भागात ते पानपट्टीच्या वर, झेरॉक्सच्या दुकानाशेजारी, कुठंही दिसतात. त्यातले काही चांगले आहेत, काही नाहीत. माहितीपत्रकावरून मलाही ओळखता येत नाही. म्हणून मी उलट विचारते, "या कॉलेजच्या मागं हॉस्पिटल कुठलं आहे?"

हे मला फुकट कळलेलं नाही.

१९९७ मध्ये बारावी सायन्स झाले. मेडिकलला लागतात तेवढे मार्क नव्हते. वडिलांना कुणीतरी सांगितलं, वर्षभराचा लॅबचा कोर्स आहे, लगेच नोकरी. हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. एका खोलीत बाकं, दुसऱ्या खोलीत 'लॅब'. एका डोळ्यानं बघायचा एक मायक्रोस्कोप बत्तीस जणांत. लघवीतली साखर तपासायला सर पाण्यात ग्लुकोज घालून आणायचे, आणि बेनेडिक्टच्या द्रावणाला विटकरी रंग आला की आम्ही टाळ्या वाजवायचो. रक्त काढायला एकमेकींचे हात, तेही वर्षात मोजून तीनदा. बाकी सगळं वहीत. आकृत्या मात्र माझ्या सुंदर होत्या, आजही जपून ठेवल्यात.

सर्टिफिकेट आलं ते दिल्लीच्या पत्त्याच्या कुठल्यातरी कौन्सिलचं. सोनेरी शिक्का, तीन सह्या. ते घेऊन मी एका पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांकडे मुलाखतीला गेले. त्यांनी सर्टिफिकेट उघडलंसुद्धा नाही. काचपट्टी पुढं सरकवली, रक्ताची नळी दिली आणि म्हणाले, "स्मिअर कर." रक्ताचा थेंब पट्टीवर ठेवून दुसऱ्या पट्टीनं एका दमात पुढं ओढायचा असतो. जिभेच्या आकाराचा डाग पडतो, शेवटी पिसासारखा पातळ होत जातो. त्या पातळ भागात पेशी सुट्या सुट्या दिसतात, तिथंच सगळं वाचायचं असतं. माझा पहिला स्मिअर जाड लगदा, दुसरा मधेच तुटलेला, तिसऱ्याला पट्टी हातातून सुटली. मग त्यांनी सर्टिफिकेट उघडलं, वाचलं, परत पाकिटात घातलं. म्हणाले, "तुझा दोष नाही बाळ. पण हे घेऊन कुणाकडं जाऊ नकोस."

वर्ष गेलं, फी गेली. वडील पैसे मागायला गेले तेव्हा दुकानावरच्या खोल्यांत शिवणकामाचा क्लास सुरू झाला होता. पुढच्या वर्षी मी पुन्हा पहिल्यापासून डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला, ते मोठ्या हॉस्पिटलच्या आत चालणाऱ्या कॉलेजात. तिथं पहिल्या महिन्यात मी जेवढ्या शिरा शोधल्या तेवढी आधीच्या वर्षभरात माणसंही बघितली नव्हती. लहान मुलांच्या शिरा, केमोथेरपीनं कडक झालेल्या शिरा, हात लावला की सरकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या शिरा. हे फळ्यावर शिकवता येत नाही. आमच्या मिरजेतल्या सतारमेकर गल्लीत कुणी नोट्स काढून सतारीचा भोपळा कोरायला शिकलेलं मी ऐकलं नाही.

म्हणून सांगते, कॉलेज बघायला सकाळी सातला जा. अकराला ऑफिस उघडतं तेव्हा नाही. लॅबचं खरं काम सकाळी असतं: उपाशीपोटीच्या साखरा, वॉर्डातून येणारी सँपल, ओपीडीची रांग. त्या वेळी मुलं कुठं आहेत ते बघा. रांगेसमोर, हातात टुर्निकेट, म्हणजे दंडाला आवळायचा पट्टा घेऊन, मागं सीनिअर उभा, असं दिसलं तर निम्मं काम झालं. दिवसाला सँपल किती येतात, असं काउंटरवरच्या माणसाला विचारा, तो रजिस्टर बघून सांगेल. आणि मुलं किती, तेही विचारा. रोजची तीस सँपल आणि साठ मुलं असतील तर तुमच्या पोरीच्या वाट्याला काय येणार, हा हिशेब घरी बसून होतो.

मग दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठा. प्राचार्यांना नव्हे. त्याला दोनच गोष्टी विचारा. एक, वापरलेली सुई कुठं टाकतोस? पांढऱ्या, सुई आरपार जाणार नाही अशा डब्यात, हे उत्तर झोपेतून उठवलं तरी यायला हवं. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २०१६ चे आहेत, नवे नाहीत. दोन, हिपॅटायटिस बीची लस झाली का? तीन डोस असतात: पहिला, महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. जे कॉलेज मुलांना लस न टोचता परक्या माणसाच्या रक्तात हात घालायला लावतं, त्याच्या इमारतीला कितीही काचा असोत, मी तिथं माझं पोर पाठवणार नाही.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, रक्त काढायचं आणि मशीनला लावायचं. मशीनच तर सगळं करतं. माझ्या हाताखाली एकदा एक मुलगा आला होता, असाच सहा महिन्यांच्या कोर्सवाला. स्वभावानं गुणी, कामाला वाघ. एका आजोबांचं पोटॅशियम ८.९ आलं. साडेतीन ते पाचच्या आसपास असायला हवं, नऊच्या घरात गेलं तर हृदयाचे ठोके कधीही बिघडतील. कॅल्शियम आलं ४, म्हणजे नेहमीच्या निम्म्यानं. रिपोर्टवर विश्वास ठेवायचा तर आजोबा आयसीयूत हवे होते. आजोबा बाहेर टपरीवर चहा पीत होते. मी त्या पोराला विचारलं, लाल बुचाची नळी (पोटॅशियम-कॅल्शियम तिच्यातनंच मोजतो) कशी भरलीस? म्हणाला, "कमी पडत होतं, म्हणून जांभळ्यातलं थोडं ओतलं." जांभळ्या बुचाच्या नळीत ईडीटीए असतं, रक्त गोठू नये म्हणून. ते पोटॅशियमचं मीठ असतं आणि कॅल्शियम धरून ठेवतं. मशीननं काहीच चूक केली नव्हती, त्याला जे दिलं ते त्यानं इमानदारीत मोजलं. पुन्हा रक्त काढलं, ४.३ आलं. एका नळीतलं रक्त दुसऱ्या नळीत ओतायचं नसतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याच्या कोर्सच्या पुस्तकात मशीनचे फोटो मात्र रंगीत होते.

आता कागदाचं. हे कंटाळवाणं आहे, पण पैसे इथंच बुडतात.

'रजिस्टर्ड संस्था' हे शब्द दिसले की थांबा. नोंदणी आणि मान्यता यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ट्रस्ट नोंदवता येतो, सोसायटी नोंदवता येते, रसवंतीगृहसुद्धा नोंदवता येतं. आयएसओचा शिक्का संस्थेचं कामकाज ठरल्या पद्धतीनं चालतं एवढंच सांगतो, अभ्यासक्रमाला मान्यता देत नाही. विचारायचं ते असं: परीक्षा कोण घेतं, आणि सर्टिफिकेटवर सही कुणाची? विद्यापीठ असेल तर त्याचं नाव यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत बघा. यूजीसी बोगस विद्यापीठांचीही यादी काढतं, आणि त्यात आपल्या नागपूरचंही एक नाव वर्षानुवर्षं आहे. सरकारी मेडिकल कॉलेजांत नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पॅरामेडिकलचा पदवी कोर्स चालतो. पोरीची तयारी असेल आणि जागा मिळत असेल तर आधी तो बघा, कारण तिथं हॉस्पिटल शोधायला लागत नाही, तुम्ही हॉस्पिटलातच असता.

२०२१ मध्ये केंद्राचा कायदा आला, आमच्यासारख्या सगळ्या आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणारा. त्यात टेक्निशियनच्या डिप्लोमा-डिग्रीला कमीत कमी २,००० तास आणि दोन ते चार वर्षं, असं लिहिलंय. हा आकडा लक्षात ठेवला की पुष्कळ बोर्ड आपोआप गळून पडतात. शनिवार-रविवारची बॅच घ्या. दिवसाला चार तास, आठवड्याला आठ, सुट्टी न घेता वर्षाला ४१६, दोन वर्षांत ८३२. उरलेले तास कुठं भरणार? 'घरबसल्या डीएमएलटी' तर विचारूच नका. दूरशिक्षणानं पॅरामेडिकलचे कोर्स चालवायला यूजीसीची बंदीच आहे. शीर पत्रानं सापडत नाही, हे त्यांनाही पटलेलं दिसतं.

महाराष्ट्रात परावैद्यक परिषदही आहे. म्हणून कॉलेजला विचारा, मागच्या दोन बॅचमधल्या किती जणांची परिषदेकडं नोंदणी झाली? 'होते की' हे उत्तर नव्हे. एखाद्या माजी विद्यार्थ्याचा फोन नंबर मागा. आणि माझी एक आवडती युक्ती सांगते. सरकारी भरतीची जुनी जाहिरात मिळवा, प्रयोगशाळा तंत्रज्ञ किंवा प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी या पदाची. त्यातली 'शैक्षणिक अर्हता' ही ओळ पेनानं अधोरेखित करा आणि काउंटरवर ठेवून म्हणा, तुमचा कोर्स यात बसतो असं लेटरहेडवर लिहून द्या. बोलायला सगळे तयार असतात. लिहायची वेळ आली की सर मीटिंगमध्ये असतात.

'कोर्स झाला की स्वतःची लॅब टाका' असं सांगणाऱ्यापासून तर चार हात लांब राहा. डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. मला सत्तावीस वर्षं होत आली या कामात, आमच्या रिपोर्टवर सही डॉक्टरांचीच असते. मला त्यात कमीपणा वाटत नाही. पण पोरीला लॅबची मालकीण व्हायचं स्वप्न विकून तिच्या बापाकडून लाखाची फी घेतली जाते, त्याचा राग येतो.

एक्स-रेचं क्षेत्र माझं नाही, तरी विचारतात म्हणून एवढंच: तिथं मुलांच्या छातीवर टीएलडी बॅज आहे का ते बघा. किरणं किती लागली ते मोजणारा तो बिल्ला असतो. बिल्ल्याशिवाय पोरांना एक्स-रेच्या खोलीत राबवणारं कॉलेज अणुऊर्जा नियामक मंडळालाही जुमानत नाही आणि तुमच्या पोरालाही. आणि मूळ गुणपत्रिका कुठंही 'जमा' करू नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा, परत घ्या. पैसे पावतीशिवाय नाहीत.

गेल्या जूनमध्ये जतकडचे एक शेतकरी आले होते, मुलीला घेऊन. बुकिंगचे पाच हजार भरून झाले होते, बाकीचे सोमवारी भरायचे होते. मुलगी गप्प. मी तिला म्हटलं, उद्या सकाळी इथं ये, आणि परवा सकाळी तुझ्या कॉलेजला जा. ती आली, सव्वासातला, एकटीच. कोपऱ्यात उभी राहून बघत होती. जांभळी नळी भरली की मी ती हळू उलटसुलट करते, आठ-दहा वेळा, जोरात हलवत नाही. तिनं विचारलं, "हलवलं तर काय होतं?" पेशी फुटतात, म्हटलं. तिनं वहीत लिहून घेतलं.

दोन दिवसांनी बापलेक परत आले. "मॅडम, गेलो होतो सातला," वडील म्हणाले, "गेटला कुलूप. वॉचमनला विचारलं, लॅब किती वाजता चालू होते? तर तो मलाच विचारतोय, लॅब हाय होय हितं?"

मुलगी पहिल्यांदाच हसली. वडील हसले नाहीत. बुकिंगचे पाच हजार परत मिळतील का, हे त्यांना विचारायचं होतं.