दहावी ब कडून सप्रेम भेट

दहावीच्या निरोप समारंभातली भाषणं महाराष्ट्रभर एकाच वहीतून उतरवून घेतलेली असावीत. 'आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजन वर्ग आणि माझ्या मित्र-मैत्रिणींनो' इथून गाडी सुटते आणि 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो' इथं येऊन थांबते. मध्ये पंख फुटलेली पाखरं येतात, मातीचा गोळा आणि कुंभार येतो, शाळामाऊली येते. आमच्या आटपाडी भागातल्या हायस्कुलातही दर फेब्रुवारीत हेच व्हायचं. पाचवीपासून खिडकीच्या गजाला लटकून आम्ही ही भाषणं ऐकली होती, आणि कोण कुठल्या वाक्याला रडणार हे आम्हाला आधीच सांगता यायचं.

तरी मी म्हणेन, शाळेच्या वर्षभरातला तो सगळ्यात खरा कार्यक्रम. कारण त्यानंतर वर्ग खरोखर फुटायचा.

आमच्याकडं पाऊस बेताचा. खानापूर, आटपाडी, पलीकडं माण-खटाव, सगळा पट्टाच कोरडा. शेतीवर भागत नाही म्हणून इथली माणसं कैक वर्षांपासून गलाईच्या धंद्यात शिरलेली. जुने दागिने, सराफाच्या दुकानातली झाडलोटीची माती मुशीत घालून भट्टीवर वितळवायची, ॲसिडात टाकून सोनं-चांदी वेगळी काढायची, असं ते काम. कोईमतूर, एर्नाकुलम, मद्रास, कलकत्ता, दिल्ली, जिथं सराफकट्टा तिथं आमच्या तालुक्यातला कुणीतरी भट्टीपुढं बसलेला. त्यामुळं वर्गातल्या मागच्या बाकांचं भवितव्य निकालावर अवलंबून नसायचं. मार्चमध्ये पेपर संपले की एप्रिलात मामाच्या नाहीतर चुलत्याच्या 'दुकानावर' रवानगी. काहींचे वडील मुंबईत माथाडी, त्यांची पोरं मुंबईला. काही भरतीच्या तयारीला. चार-दोन हुशार पोरं अकरावीला सांगलीला किंवा कराडला. आणि पोरींचं काय, ते भाषणात कुणीच बोलायचं नाही. ते सगळ्यांना माहीत होतं.

आमची बॅच मार्च 1996 ची. शाळा दगडी, पुढं कडुनिंबाची रांग, मैदान म्हणजे मुरूम. आटपाडी महाल पूर्वी औंध संस्थानात होता. औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, आपल्या शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. राजे गेले, संस्थान गेलं, पण आमचे पीटीचे सर ते विसरायला तयार नव्हते. हिवाळ्यात सकाळी साडेसातला त्या मुरमावर पालथं पडून उठलं की कोपराला खडे चिकटलेले असायचे, आणि पहिल्या तासाला अख्खा वर्ग हात झटकत बसायचा.

आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येणारी आम्ही निम्मी पोरं एसटीच्या भरवशावर. पुढं 1996-97 पासून सरकारनं अहिल्याबाई होळकरांच्या नावानं मुलींना एसटीचा मोफत पास दिला. आम्ही मार्चमध्येच बाहेर पडलो होतो. माझ्या धाकट्या बहिणीनं तो पास गळ्यात अडकवून मला जे हिणवलंय, ते मी अजून विसरलेले नाही. आमच्या वेळी पासाचे पैसे नसतील त्या महिन्यात चालायचं, एवढा सोपा हिशोब होता.

वर्षाची सुरुवात जादा तासांनी व्हायची आणि दिवाळीनंतर पोरांची रात्रीची अभ्यासिका लागायची. पोरं जेवून, वळकटी घेऊन शाळेत झोपायला यायची. गणिताचे सर कंदील घेऊन फेरी मारायचे, कारण लाईट नेमकी आठ ते दहा जायची. तिथं अभ्यास किती व्हायचा देव जाणे, पण शेंगा भाजून खाण्याच्या गोष्टी आम्हाला सकाळी अशा रंगवून ऐकायला मिळायच्या की बस्स. पोरींना अभ्यासिका नव्हती. आम्ही घरी, चुलीपुढं, भाकरी भाजता भाजता इतिहासाच्या सनावळ्या पाठ करायचो. अपेक्षित प्रश्नसंच वर्गात मोजून तीन, ते फिरून फिरून पानं सुटलेले. माझ्याकडं आला तेव्हा भूगोलाचा पहिला निम्मा भाग गायब होता.

जानेवारीत गॅदरिंग. त्यात नाटक, नाच वगैरे असायचंच, पण सगळ्यांचा जीव अडकलेला शेलापागोट्यांत. ऑफिसबाहेर आठ दिवस पत्र्याचा डबा ठेवायचे. त्यात चिठ्ठ्या टाकायच्या, नाव न घालता. मराठीच्या बाई त्या आधी वाचून निम्म्या फाडायच्या, म्हणून पोरं मुद्दाम चार जास्त वाईट लिहायची, म्हणजे मधल्या निसटतील. रोज उशिरा येणाऱ्या एकाला पडलेलं शेलापागोटं मला अजून पाठ आहे:

'एसटी आली, एसटी गेली, ह्याची झोप सरंना,
प्रार्थना झाली, हजेरी झाली, ह्याचं दप्तर येईना.'

तो पोरगा स्टेजवर जाऊन शेलापागोटं घेऊन आला आणि माईकवर म्हणाला, 'एसटीच येत न्हाय, तर मी काय करू?' त्या दिवशीची सगळ्यात मोठी टाळी त्याला मिळाली. हा पोरगा पुढं परत येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

निरोप समारंभ नववीच्या वर्गानं द्यायचा, ही रीत. हॉल नव्हताच, दोन वर्गांमधली लाकडी फळी काढली की हॉल व्हायचा. नववीची पोरं आदल्या दिवशी घोटीव कागदाच्या पताका कापायची आणि घरून आणलेल्या खळीनं सुतळीला चिकटवायची. सकाळपर्यंत निम्म्या पताका उंदरांनी खाल्लेल्या. चित्रकलेचे सर फळ्यावर रंगीत खडूनं कमळ, समई आणि 'दहावीच्या विद्यार्थ्यांना हार्दिक शुभेच्छा' काढायचे. तो फळा पुढं महिनाभर कुणी पुसायचं नाही. तिथं गणित शिकवायची वेळ आली की सर कमळाच्या पाकळ्यांच्या मधल्या जागेत वर्गमूळ सोडवायचे.

पोरींना त्या एका दिवशी साडीची परवानगी. साडी आईची, ब्लाउज थोरल्या वहिनीचा, तो दोन्ही बाजूंनी टाके मारून आवळलेला. निऱ्या घालायला शेजारची एक नवी सून सकाळपासून आमच्या सोप्यात बसलेली. पाच जणींना तिनं नेसवलं, आणि प्रत्येकीच्या खांद्याला पिन लावताना म्हणत होती, 'हिंडू नगा बाया लई, पळू तर नगाच.' ती स्वतः आमच्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल. साड्या नेसून आम्ही शाळेच्या फाटकात शिरलो तेव्हा रोज आमच्या वेण्या ओढणारी पोरं एकदम गप्प झाली आणि आम्हाला चक्क 'तुम्ही' म्हणाली. आम्हाला हसू आवरेना.

कार्यक्रम ठरलेला. सरस्वतीच्या फोटोला हार, ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक. मग दहावीतल्यांची मनोगतं. हेडसर जुन्या अकरावीच्या मॅट्रिकचे. 1975 ला दहावीची परीक्षा सुरू झाली तेव्हापासूनच्या सगळ्या बॅचा त्यांनी पाहिलेल्या. त्यांचं भाषण मात्र वहीतलं नसायचं. पाखरं नाहीत, कुंभार नाही. ते हॉल तिकिटांचा गठ्ठा टेबलावर ठेवायचे आणि सूचना सांगायचे. हॉल तिकिटाच्या मागं काही लिहू नका. दोन पेनं न्या, शाई एकाच रंगाची. सकाळी भाकरी खाऊन जा, उपाशी पोटी चक्कर येते. केंद्रावर तासभर आधी पोचा, एसटीवर विसंबू नका. भरारी पथक आलं तर घाबरू नका, ज्यानं काही आणलं नाही त्याला भरारी पथक काय करणार? मग जरा थांबून, 'आणि ज्यानं आणलं असंल त्यानं आत्ताच माझ्याकडं द्यावं.' सगळे हसायचे. आणि ह्या सूचना संपता संपता पोरी रडायला लागायच्या. मला वाटतं, 'उपाशी पोटी जाऊ नका' ह्यात जी माया होती ती बाकीच्या सगळ्या भाषणांत मिळून नव्हती.

नंतर भेटवस्तू. जाणाऱ्या वर्गानं शाळेला काहीतरी द्यायचं, हीही रीत. आमच्या ऑफिसात आणि वर्गांत हिंडलं की शाळेचा सगळा इतिहास वाचायला मिळायचा. घड्याळावर 'दहावी अ, 1982', पंख्याच्या पात्यावर ऑइलपेंटनं '1989', एका लाकडी खुर्चीच्या पाठीवर फक्त 'सप्रेम', पुढचं घासून गेलेलं.

आम्ही पाण्याचं पिंप द्यायचं ठरवलं. त्याला कारण होतं. शाळेत पाण्याला एक रांजण, तो दुपारीच तळाला जायचा. टँकर आठवड्यातून एखाद्या वेळी. तो काळच पाण्याचा होता. 1993 पासून आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदा भरत होत्या, कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळालंच पाहिजे म्हणून गावोगावची माणसं ट्रॅक्टर भरून जायची. आमच्या घरातलेही गेलेले. तेव्हा दहावी ब नं पिंप देणं ही आमच्या मते फार मोठी राजकीय कृती होती.

दहा-दहा रुपये वर्गणी काढली. कुणी दहा दिले, कुणी पाच आणि एक अंडं दुकानात विकून आलेले सुटे. तोटी बसवलेलं स्टीलचं पिंप मिळालं, पण त्यावर नाव घालायचं राहिलं. भांडीवाला नाव घालायचे अक्षरामागं पैसे घ्यायचा. 'दहावी ब च्या विद्यार्थी-विद्यार्थिनींकडून हायस्कूलला सप्रेम भेट' एवढं आम्हाला परवडेना. तिथं, दुकानाच्या पायरीवर बसून, आम्ही अक्षरं तोडायला लागलो. पोरांचं म्हणणं, 'विद्यार्थिनी' काढा, 'विद्यार्थी' म्हटलं की सगळे आले. आम्ही म्हटलं, मग 'विद्यार्थी'च काढा. भांडीवाला वेगळ्याच पेचात, जोडाक्षर एक धरायचं की दोन. तो म्हणत होता 'द्या' म्हणजे दोन अक्षरं, काना धरला तर अडीच. पाऊण तास हे चाललं. शेवटी 'दहावी ब 96, सप्रेम भेट' एवढंच घातलं. त्यानं ते कर्र्कर्र करत मशीननं टिपक्याटिपक्यांनी कोरलं आणि 'सप्रेम' मधला 'प्रे' चुकून 'पे' झाला. दुरुस्तीचे वेगळे पैसे सांगितले, म्हणून तो तसाच राहिला.

जेवणाला पुरी-भाजी आणि एकेक गुलाबजाम. नववीच्या पोरांनी गुलाबजाम मोजून वाढले आणि शेवटी मोजणी चुकून दोन वर उरले, ते शिपाईमामांना. मग सह्यांच्या वह्या. कुणी कविता लिहिल्या, कुणी 'विसरू नकोस' असं एवढंच. पत्ता मात्र सगळ्यांनी लिहिला. पोरांनी गावाचा लिहिला, आणि आम्हीही गावाचाच, म्हणजे माहेरचा. दुसरा कुठला लिहिणार?

आणि खरा घोटाळा तिथंच झाला, हे पंचवीस वर्षांनी कळलं.

2021 ला आमच्या बॅचला पंचवीस वर्षं झाली. कोरोनामुळं ते वर्ष गेलं, म्हणून 2022 च्या मे महिन्यात स्नेहमेळावा घ्यायचं ठरलं. एर्नाकुलमला गलाईचं स्वतःचं दुकान असलेल्या एकानं व्हॉट्सॲप ग्रुप काढला. पोरं आठवड्याभरात जमली, कारण पोराची आडनावं आणि गावं बदलत नाहीत. पोरी सापडेनात. लग्नात आडनाव बदललेलं, काहींचं तर पाळण्यातलं नावही. निरोप समारंभानंतर दोन-तीन महिन्यांत ज्यांची लग्नं झाली त्यांचा निकालसुद्धा भावानं आणलेला. मेळाव्याला आम्ही बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कार्यक्रम झाकपाक झाला, फेटे, सत्कार, ड्रोननं शूटिंग. पण तिथं बसल्यावर मला सारखं वाटत होतं, हा अर्धाच वर्ग आहे. तसं मी माईकवर म्हटलंही, जरा जास्तच चिडून.

त्यावर उठला तो उशिरा येणारा. तो एसटीत कंडक्टर आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधून सगळ्या पोरींची माहेरची नावं आणि गावं त्यानं उतरवून घेतली, आणि तिकिटं फाडता फाडता कामाला लागला. गावाच्या थांब्यावर चढणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारायचा, 'आजी, अमक्यांची लेक कुठं दिलीया?' म्हाताऱ्यांना हे काम भारी आवडलं. त्या पुढच्या थांब्यापर्यंत अख्खी सोयरीक सांगायच्या. एकेक नंबर ग्रुपवर यायला लागला. कुणी विट्यात पापडाचा उद्योग करते, कुणी अंगणवाडीत आहे, कुणी सांगोल्याच्या बाजूला डाळिंबाची बाग सांभाळते. दोघी नाहीत आता. एक सापडली ती थेट कोईमतूरला, नवऱ्याच्या गलाईच्या दुकानात हिशोब बघते. तिनं पहिलाच व्हॉइस मेसेज असा टाकला की मागं गिऱ्हाईक तमिळमध्ये भांडतंय आणि ही त्याला तमिळमध्ये गप्प करून आम्हाला माणदेशीत विचारतेय, 'कशी हाय गं म्हातारे?'

पुढचा मेळावा कधी यावर मध्यंतरी जोरात वाद झाला. पोरांना मे महिना सोयीचा, दिवाळीही चालेल. पोरी म्हणतात, मेमध्ये आम्ही सासरच्या लग्नांत पुऱ्या लाटत असतो. आम्ही माहेरी येतो ते खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या चैत्री यात्रेला, तेव्हा ठेवा. पोरं म्हणतात, यात्रेत मंडप मिळत नाही, आचारी मिळत नाही, वाहनं अडकतात. कोईमतूरवालीनं मध्यरात्री उत्तर टाकलं, 'मंडप नको, शाळंची फळी काढा.' तारीख यात्रेनंतरच्या दुसऱ्या दिवसाची ठरली आहे. आता जेवण मटणाचं की गोडाचं यावरून परवापासून ग्रुपवर दोन तट पडलेत, आणि माळकरी पार्टी हरायच्या बेतात आहे.