सहापैकी एक सूर गप्प : जुनो-106च्या दुरुस्तीचा माझा अनुभव

सगळ्यात आधी हे सांगते. जुना सिंथ (विजेवर आवाज घडवणारा कीबोर्ड) दुरुस्तीला देण्याआधी त्यातला नेमका कितवा व्हॉइस, म्हणजे एका वेळी एक सूर वाजवणारा आतला भाग, बिघडलाय ते स्वतः तपासा, कागदावर लिहा आणि तो कागद पावतीला जोडून द्या. मी दुकानात जाऊन फक्त "आवाजात खरखर येते" एवढंच सांगितलं. त्या तीन शब्दांपायी माझा जुनो पाच महिने अडकला. त्यातले साडेतीन महिने तो एका वर्कशॉपच्या मांडणीवर पडून होता. आता तो दुरुस्त होऊन घरी आला आहे, तरी त्या साडेतीन महिन्यांचा राग गेलेला नाही.

कार्यक्रमांतून कीबोर्ड वाजवत मला अठरा वर्षं झाली. त्या काळात पाच वाद्यं जमली. 73 पट्ट्यांचा ऱ्होड्स इलेक्ट्रिक पियानो आहे, तो दोन माणसांशिवाय हलत नाही, म्हणून घरीच असतो. 1983 सालचा यामाहा डीएक्स7 आहे, 1988 सालचा कॉर्ग एम1 आहे आणि हा रोलँडचा जुनो-106, 1984 सालचा. पाचवा आजच्या काळातला स्टेज कीबोर्ड. कार्यक्रमाचा निम्म्याहून जास्त भार तोच उचलतो: पियानो, ऑर्गन, ब्रास, सगळं त्याच्यात आहे, वजनाला हलका आहे, कधी दगा देत नाही. मग जुनी वाद्यं कशाला, असं बरेच जण विचारतात. जुनोवर प्रत्येक स्लायडरला एकच काम असतं. गाणं चालू असताना डावा हात कटऑफच्या, म्हणजे आवाजाची चमक कमीजास्त करणाऱ्या, स्लायडरवर असतो, गायिका वरच्या सुरावर जाते तसा मी तो हळूहळू उघडत नेते आणि सगळा पॅड, म्हणजे गाण्यामागे धरून ठेवलेला लांब आवाज, तिच्यासोबत उजळतो. तीच गोष्ट मेनूत शिरून करायची तर ती जागा निघून गेलेली असते. डीएक्स7वर आवाज घडवायचा म्हणजे एकेक बटण दाबत, एकेक आकडा बदलत बसायचं. पण त्याचा इलेक्ट्रिक पियानो बोटांच्या दाबाला जसा उत्तर देतो तसं जुनोला जमत नाही, कारण जुनोच्या पट्ट्यांना दाब कळतच नाही. प्रत्येकाची जागा वेगळी आहे, म्हणून पाचही हवेत.

बिघाड पहिल्यांदा एका संथ गाण्यात कळला. चार सुरांचा कॉर्ड धरला आणि त्यातला गंधार गायब. पुन्हा धरला तर गंधार आला, पंचम गेला. तिसऱ्यांदा चारही सूर आले, पण त्यातला एक करकरत होता. पट्टी खराब असती तर दर वेळी तोच सूर गेला असता. इथे पोकळी कॉर्डमधून फिरत होती. त्याचं कारण मला नंतर समजलं. जुनो एका वेळी सहा सूर वाजवतो, म्हणजे आत सहा व्हॉइस आहेत आणि तुम्ही दाबाल ती पट्टी पाळीपाळीने पुढच्या व्हॉइसकडे जाते. एक व्हॉइस आजारी असला की दर सहावा सूर आजारी.

हे तेव्हा माहीत असतं तर पुढचं काही घडलं नसतं. मी वर्कशॉपमध्ये गेले, पावतीवर "खरखर" असं लिहून घेतलं आणि परत आले.

तीन आठवड्यांनी फोन केला तर तो उघडलाही नव्हता. पाचव्या आठवड्यात त्यांचाच फोन आला, "मॅडम, घेऊन जा, काही बिघाड नाही. कोरसची हिस आहे, ती या मॉडेलला असतेच." कोरस म्हणजे आवाज पसरवणारा इफेक्ट, हिस म्हणजे त्यामागची सूं. जुनोच्या कोरसला हिस असते हे खरं आहे, आणि त्या कोरसमुळेच त्याचा साधा आवाज एवढा रुंद होतो. पण मी कोरसबद्दल बोललेच नव्हते. त्यांनी कोरसचं बटण दाबलं, एक कॉर्ड वाजवला, सूं असा आवाज ऐकला आणि पावतीवरच्या शब्दाशी तो जुळवून मोकळे झाले.

त्या रात्री मी बसून वाचलं. जुनो-106ला स्वतःची तपासणी आहे. 'की ट्रान्सपोज'चं बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून वाद्य चालू करायचं. मग कुठलीही पट्टी दाबली की ती कितव्या व्हॉइसवर वाजतेय तो आकडा समोरच्या डिस्प्लेवर दिसतो. एकच पट्टी सावकाश सहा-सात वेळा दाबली तरी सगळे व्हॉइस एकामागून एक ऐकू येतात. पाच मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच काउंटरवर, त्यांच्याच हेडफोनमध्ये मी ते करून दाखवलं. एक, दोन, तीन स्वच्छ. चारवर करकर, आणि मग आवाज पुरताच बसला. पाच, सहा स्वच्छ. काउंटरवरच्या मुलाने आतून मोठ्या कारागिरांना बोलावलं, त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "हां, मग चिप गेली. मागवावी लागेल."

त्यानंतर आठ आठवडे गेले. दर सोमवारी मी फोन करायचे आणि दर सोमवारी तेच उत्तर मिळायचं, "पार्ट आला की कळवतो." कुठला पार्ट, कुठून येतोय, नवा की जुना, हे मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा "ओरिजिनल येतोय, काळजी करू नका."

ओरिजिनल या शब्दावर मी गप्प बसले, ही माझी मोठी चूक. ज्या चिपबद्दल बोलणं चालू होतं तिचा क्रमांक 80017ए. अशा सहा चिप असतात, प्रत्येक व्हॉइसला एक, आणि त्या व्हॉइसचा फिल्टर (आवाजाची चमक छाटणारा भाग) व आवाजाची पातळी सांभाळणारा भाग दोन्ही तिच्यातच असतात. चिपवर काळ्या राळेसारखा थर दिलेला असतो. वर्षं उलटली की त्या थरातून वीज झिरपू लागते, जिथे जायला नको तिथे जाते, आणि मग व्हॉइस करकरतो, बसतो किंवा पट्टी सोडली तरी गुणगुणत राहतो. चाळीस वर्षांच्या वाद्याला वयामुळे होणारा हा आजार आहे. याचा सरळ अर्थ असा की दुसऱ्या जुन्या जुनोतून काढलेली ओरिजिनल चिप म्हणजे त्याच वयाची, त्याच थराची, त्याच आजाराच्या वाटेवरची चिप. त्यांनी नेमकी तीच बसवली.

वाद्य घरी आणलं, चालू केलं, आणि माझे सगळे आवाज गेलेले. 128 जागांपैकी नव्वदेक जागांवर मी वर्षानुवर्षं घडवलेले पॅच, म्हणजे साठवलेले आवाज, होते. त्यांनी मला न विचारता आतली बॅटरी बदलली होती. स्मृती तिच्यावरच जगते. बॅटरी बदलणं चूक नव्हतंच, ती बदलायलाच हवी होती. पण काढण्याआधी एक फोन केला असता तर मी येऊन अर्ध्या तासात सगळं उतरवून घेतलं असतं. मागे टेपसाठी जॅक आहे. त्यातून सगळे पॅच आवाजाच्या रूपात बाहेर येतात, ते संगणकावर वेव्ह फाइल म्हणून साठवता येतात आणि नंतर त्याच फाइलवरून परत भरताही येतात. भरताना मागचा 'मेमरी प्रोटेक्ट'चा खटका बंद असायला हवा. तुमचा जुनो आज ठणठणीत असेल तरी हे आजच करा. मी आवडीच्या दहा-बारा आवाजांचे स्लायडरसकट फोटो काढून ठेवले होते, तेवढेच परत मिळाले. एका कार्यक्रमात सुरुवातीला वाजायचा तो माझा स्ट्रिंग्जचा आवाज अजून जुळत नाही. जवळ जातो, पण तो नाही.

आणि तीन आठवड्यांत दुसरा व्हॉइस गेला, क्रमांक दोन. वर्कशॉपचं म्हणणं, "तो वेगळा बिघाड आहे, नव्याने जमा करा." मी जमा केला नाही.

पुढचं सगळं इतकं सुरळीत झालं की सांगण्यासारखं फार नाही. एका ध्वनिमुद्रकाने रेडिओ आणि जुने ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे पाठवलं. कुठले व्हॉइस बिघडलेत ते या वेळी मी कागदावर लिहून नेलं होतं. त्यांनी तो कागद वाचला, स्वतः सहाही व्हॉइस ऐकले आणि पहिल्याच भेटीत म्हणाले, "एक बदलून भागणार नाही. सहाही काढू." त्यांनी सहाही चिपचे डाग (सोल्डरचे जोड) सोडवले, त्या अ‍ॅसिटोनमध्ये दोन-तीन दिवस बुडवून ठेवल्या, थर फुगून सुटला तेव्हा मऊ ब्रशने साफ केल्या. चार जिवंत झाल्या. दोन झाल्या नाहीत, तिथे आजकाल नव्याने बनणाऱ्या, त्याच मापाच्या पर्यायी चिप लावल्या. थेट डाग न देता सहाही जागांवर सॉकेट बसवले, म्हणजे पुढच्या वेळी चिप नुसती उपसून बदलता येईल. मग वाद्य चांगलं तापू देऊन प्रत्येक व्हॉइसचा फिल्टर आतल्या छोट्या स्क्रूंनी एकमेकांशी जुळवला. मी शेजारी बसून ऐकत होते. सहा आठवडे लागले, आणि कुठल्या आठवड्यात काय चाललंय हे मला प्रत्येक वेळी माहीत होतं.

घरी आणून 'पॉली 1' आणि 'पॉली 2' ही दोन्ही बटणं एकदम दाबली. तसं केलं की सहाही व्हॉइस एकाच सुरावर येतात. खालचा षड्ज धरला आणि खोली भरून गेली. मी बराच वेळ तो सोडला नाही.

आठवतील तशा आणखी काही गोष्टी. दोन व्हॉइस जोडीने बिघडले असतील, तर 80017ए सोडून मूळ तरंग तयार करणाऱ्या एमसी5534ए या चिपकडे आधी पाहायला सांगा. तिथे एक चिप दोन व्हॉइसना पुरते, अशा तीन असतात. रोलँडचाच एचएस-60 किंवा एमकेएस-7 असेल तर वरचं सगळं तुम्हालाही लागू आहे, कारण त्यांच्यातही 80017एच आहे. 1982 सालच्या जुनो-60मध्ये फिल्टरचे भाग सुटे आहेत, त्याला हा आजार नाही. जपानमधल्या बाजारासाठी बनलेलं वाद्य 100 व्होल्टवर चालतं, तेव्हा मागे व्होल्ट लिहिलेली पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. अ‍ॅसिटोनचा प्रयोग हात बसलेला नसेल तर घरी करू नका, चिपचे पाय फार नाजूक असतात. दुरुस्तीला देताना पावतीवर "मालकाला विचारल्याशिवाय बॅटरी काढू नये" हे लिहून घ्या. डीएक्स7लाही तशीच बॅटरी आहे, पण त्याचे 32 आवाज मिडीच्या, म्हणजे वाद्य संगणकाला जोडणाऱ्या, तारेवरून एका झटक्यात संगणकावर उतरतात. मी ते त्याच आठवड्यात उरकलं, एम1चंही.

आणि काकांनी सुचवलेली एक गोष्ट राहिली. झाकण लावण्याआधी त्यांनी मला एक चिठ्ठी लिहायला लावली आणि ती आत तळाशी चिकटवली: व्हॉइस 2 आणि 4 नव्या चिप, बाकी चार धुतलेल्या, सॉकेट सहाही जागी, बॅटरी बदलल्याची तारीख. पुढे जो कुणी हे वाद्य उघडेल, त्याला "खरखर" या शब्दापासून सुरुवात करावी लागणार नाही.