गायगर मीटरचा रकाना आणि माझी सूर्यफुलाची रोपं

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला एवढंच बघायचं होतं: सूर्यफुलाच्या कोवळ्या खोडात ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक शेंड्याकडून खाली येतं, ते कुठल्या पेशींतून येतं आणि कुठे साठतं. त्यासाठी ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) जोडलेलं आयएए, म्हणजे झाडातलं मुख्य ऑक्झिन, हवं होतं. रोपं आठवड्यात तयार झाली. किरणोत्सारी पदार्थ वापरायच्या परवानगीला सात महिने लागले.

परवानगी देणाऱ्या समितीच्या अर्जात 'गायगर मीटरचं रीडिंग' असा रकाना होता; हे मीटर किरणोत्सार मोजतं. ट्रिशियमचा बीटा कण इतका दुबळा, जास्तीत जास्त 18.6 किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचा, की तो मीटरच्या आतच शिरत नाही. मी तसं लिहिलं. अर्ज परत: 'रकाना अपूर्ण'. मग शून्य लिहिलं, तर विचारणा आली की मीटर नादुरुस्त आहे का. तिसऱ्यांदा टीएलडी बॅजचा, म्हणजे अंगावर लावून किरणोत्साराची मात्रा मोजणाऱ्या बिल्ल्याचा, तपशील मागितला. तो बॅजही ट्रिशियम ओळखत नाही, त्यासाठी लघवी तपासावी लागते! दर वेळी पुढच्या बैठकीची वाट बघायची आणि रोपांची आणखी एक खेप जून झाली म्हणून फेकायची. तो रकाना आठवला की अजूनही डोकं तापतं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "वाद घालू नकोस, पुसून दाखव." टेबल, पिपेट, फ्रीजची मूठ ओल्या फिल्टर पेपरने पुसली, ते कागद सिंटिलेशन काउंटरमध्ये (किरणोत्सारामुळे द्रवात उठणाऱ्या चमका मोजणारं यंत्र) मोजले आणि आकड्यांचा तक्ता खोलीच्या नकाशासह जोडला. त्याच बैठकीत सही झाली. तुम्ही हा तक्ता पहिल्याच अर्जाला जोडा.

प्रयोग चार तासांचा. 2 सेंटीमीटरचे तुकडे, वरचं टोक ट्रिशियमवालं आयएए असलेल्या आगरच्या (जेलीसारख्या) ठोकळ्याला टेकवलेलं, नंतर 2 मिलिमीटरच्या चकत्या. ऑक्झिन तासाला साधारण सेंटीमीटरभर सरकतं. उलटे ठेवलेले तुकडे आणि एनपीए (ऑक्झिनची वाहतूक रोखणारं रसायन) दिलेले तुकडे तुलनेसाठी सोबत हवेतच. वरच्या टोकाला शाईचा ठिपका द्या, कापल्यावर टोकं ओळखू येत नाहीत. साल, वाहक पूल (पाणी-अन्न नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे) आणि भेंड सुईने वेगळे करून मोजले, तेव्हा सर्वांत मोठे आकडे वाहक पुलांचे निघाले. त्या रात्री मी घरी गेलेच नाही.

हो, रोपं अंधारात वाढवा, हिरव्या रंगाने मोजणी कमी येते. आणि मोजलेलं सगळंच मोकळं आयएए नसतं. झाड त्याला अॅस्पार्टिक आम्ल जोडून ठेवतं, म्हणून थोडा अर्क टीएलसीवर (पातळ थरावर पदार्थ वेगळे करायची पद्धत) चालवा. सही हातात पडेपर्यंत बिया मात्र भिजत घालू नका.