हार्ड डिस्कपेक्षा केसिंगनेच जास्त छळले : माझा अनुभव

सुरुवातीलाच कबूल करते की हे सगळे मी अजून न निवळलेल्या रागातून लिहीत आहे आणि तो राग बिघडलेल्या हार्ड डिस्कवर नाही. डिस्क सात वर्षे इमानाने चालली, थकली आणि थकल्याची पुरेशी पूर्वसूचनाही तिने दिली. राग आहे तो तिला संगणकाशी जोडणाऱ्या, तळहातावर मावणाऱ्या एका प्लॅस्टिकच्या यूएसबी केसिंगवर. त्याच्यामुळे माझ्या पाच रात्री वाया गेल्या आणि डिस्क होती त्यापेक्षा कितीतरी अधिक खराब आहे अशी माझी समजूत झाली.

डिस्क लॅपटॉपमधली, अडीच इंची, 1 टीबी क्षमतेची होती. तिच्यात अकरा वर्षांची छायाचित्रे, आईच्या हस्ताक्षरातल्या वह्यांची मी रजा काढून केलेली स्कॅन आणि अर्धवट राहिलेले एक भाषांतर होते. बॅकअप होता, पण दोन वर्षांपूर्वीचा. एखादे फोल्डर उघडायला अर्धा मिनिट लागू लागले, तेव्हा लॅपटॉप जुना झाला असे म्हणून मी विषय सोडून दिला. मग एके दिवशी विंडोजने सुरू होतानाच डिस्कची दुरुस्ती करायला घेतली आणि मी ती रात्रभर चालू दिली. ही चूक सर्वस्वी माझी, तिचे खापर मी केसिंगवर फोडणार नाही. विंडोजचे हे चेकडिस्क म्हणजे फाइलींच्या नोंदींची विस्कटलेली घडी बसवणारे साधन आहे. घडी बसवताना ते डिस्कवर लिहिते, आणि जिला धड वाचताही येत नाही अशा डिस्कवर काहीही नव्याने लिहिले गेले की वाचवण्याजोगे असलेले कमी होण्याचीच शक्यता अधिक. सकाळी विंडोज सुरूच झाले नाही. डिस्क काढून केसिंगमध्ये घातली आणि दुसऱ्या लॅपटॉपला जोडली, तर ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ असा संदेश आला. त्या चौकटीत ‘रद्द करा’ दाबण्याइतकी अक्कल मात्र शिल्लक होती.

धाकट्या भावाला फोन केला. त्याने पहिला प्रश्न आवाजाचा विचारला. “ताई, आतून टकटक ऐकू येतेय का? येत असेल तर आत्ताच्या आत्ता वायर काढ.” ठरावीक अंतराने येणारी टकटक म्हणजे वाचणाऱ्या हेडला आपली जागा सापडत नाही आणि ते पुन्हा पुन्हा मागे जाऊन नव्याने प्रयत्न करते आहे, तशा अवस्थेत डिस्क चालू ठेवली तर तबकडीवर ओरखडे पडू शकतात. ते काम घरी करायचे नसते. धूळमुक्त खोलीत डिस्क उघडून, त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कची हेड बसवणाऱ्यांकडेच ती द्यावी लागते. माझी डिस्क टकटकत नव्हती, फक्त मध्येच बराच वेळ गप्प होत होती. (डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला मला एकूण तिघांनी दिला. बाहेर काढल्यावर आत दव धरते, त्याचे काय करायचे हे तिघांपैकी एकालाही सांगता आले नाही.)

मग त्याने डिस्कच्या स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवते त्या नोंदी, वाचून दाखवायला सांगितल्या. 197 क्रमांकाच्या ओळीत, म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णय प्रलंबित असलेल्या सेक्टरांच्या मोजणीत, 1248 हा आकडा होता. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा माहितीचा छोटा कप्पा. एक सेक्टर 512 बाइटचा, म्हणजे सारे मिळून जेमतेम 624 केबी. हा आकडा मी कागदाच्या कपट्यावर लिहून ठेवला आणि पाच रात्री त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

पुढची दिशा ठरलेली होती. आजारी डिस्कमधून एकेक फाइल उचलत बसायचे नाही, सबंध डिस्कची सेक्टरवार प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, दुसऱ्या निरोगी डिस्कवर उतरवून घ्यायची आणि फाइली शोधण्याचा सगळा उद्योग त्या प्रतिमेवर करायचा. त्यासाठी पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी संगणकप्रणाली) सुरू करून जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरला. हा प्रोग्रॅम आधी सहज वाचता येणारा भाग भराभर उतरवून घेतो, अडलेल्या जागा ओलांडून पुढे जातो आणि शेवटी त्या जागांकडे परत येऊन त्यांच्या कडा छाटत, मग एकेक सेक्टर खरवडत, जे मिळेल ते मिळवतो. कोणता भाग मिळाला आणि कोणता राहिला याची नोंद तो मॅपफाइल नावाच्या छोट्या फाइलीत ठेवतो, त्यामुळे काम कधीही थांबवून तिथूनच पुढे सुरू करता येते. प्रतिमा ठेवायची डिस्क मूळ डिस्कपेक्षा मोठी हवी आणि ती फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेली नको, कारण तिथे 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. हे मला चार जीबी उतरल्यावर कळले.

आता केसिंग.

पहिल्या रात्री काम झकास सुरू झाले. दर सेकंदाला ऐंशीएक एमबी या वेगाने आकडे पळत होते आणि चारेक तासांत सारे उरकेल असा माझा हिशोब होता. 11 टक्क्यांवर वेग कोसळला, थोडा वेळ काहीच हलले नाही, आणि मग एकाएकी ‘वाचता आले नाही’ या बाजूचा आकडा धावू लागला. काही मिनिटांत तो शेकडो जीबींवर गेला. मी ते पाहत बसले होते आणि माझ्या मनात एकच विचार होता की डिस्क डोळ्यांदेखत मेली. प्रोग्रॅम थांबवला, केसिंगची वायर काढली, दहा मिनिटे थांबून पुन्हा जोडली, तर डिस्क मुकाट्याने फिरू लागली. पण प्रोग्रॅम पुन्हा सुरू केल्यावर तो न वाचलेल्या भागाकडे न जाता थेट खरवडण्याच्या टप्प्यात शिरला, कारण आधीच्या फेरीत मॅपफाइलमध्ये उरलेली जवळपास सगळी डिस्क ‘अडलेली’ म्हणून लिहिली गेली होती. त्या वेगाने कित्येक महिने लागले असते. यावर ‘ट्राय अगेन’ नावाचा एक पर्याय आहे, तो दिला की अशा जागा पुन्हा ‘न पाहिलेल्या’ धरल्या जातात. तो मला तिसऱ्या रात्री सापडला. दरम्यानची दुसरी रात्र खरवडण्याकडे आशेने पाहण्यात गेली.

तिसऱ्या रात्री केबल बदलली आणि डिस्कवर टेबलफॅन लावला. 13 टक्के. चौथ्या रात्री डिस्क शेवटाकडून उलट दिशेने वाचायला लावली. हा पर्याय खरोखर उपयोगाचा आहे, कारण वाटेतल्या खराब जागेच्या पलीकडचा प्रदेश त्यामुळे आधी हाती लागतो. आणखी 6 टक्के मिळाले आणि पुन्हा तोच प्रकार. वर आणखी एक धोका समोर आला : वायर काढून पुन्हा जोडली की लिनक्स त्या डिस्कला कधी पूर्वीचेच नाव देत असे, कधी पुढच्या अक्षराचे. घाईत जुन्याच नावाने आज्ञा दिली आणि त्या नावावर तोवर दुसरी डिस्क आली असेल, तर काय होईल याची कल्पना करूनच मला घाम फुटला. तेव्हापासून मी डिस्कच्या अनुक्रमांकासह असलेले लांबलचक, न बदलणारे नाव वापरते आणि एंटर दाबण्यापूर्वी कुठून कुठे हे मोठ्याने वाचते.

पाचव्या रात्री मी आकड्यांकडे नीट पाहिले आणि याचे श्रेय मी स्वतःकडेच घेणार आहे. डीडीरेस्क्यूच्या पडद्यावर शेवटच्या यशस्वी वाचनाला किती वेळ झाला हे दाखवणारी एक ओळ असते. एखादा सेक्टर खरोखर खराब असतो तेव्हा डिस्क त्याच्याशी झटते, पुन्हा पुन्हा वाचून पाहते, आणि एकेका नकाराला कित्येक सेकंद लागतात. माझ्याकडे मात्र एका सेकंदात शेकडो नकार येत होते. इतक्या झटपट ‘नाही’ म्हणणारी डिस्क प्रयत्नच करत नव्हती, किंबहुना प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. केसिंगवरचा निळा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला होता आणि लिनक्सच्या नोंदींत, उपकरण ऑफलाइन असल्यामुळे विनंती फेटाळली, या अर्थाची एकच ओळ पानेच्या पाने उमटली होती. मग कपटा आठवला. जिचे 624 केबी वाचता येत नाहीत, तिचे आठशे जीबी कसे काय नाहीसे होतील?

घडत होते ते असे. खराब सेक्टरशी झटताना डिस्क बराच वेळ उत्तर देत नाही. लिनक्स साधारणपणे 30 सेकंद वाट पाहते आणि मग जोडणी रीसेट करते. आणि केसिंगमधली, साटाचे (डिस्क संगणकाच्या आत थेट जोडण्याच्या नेहमीच्या जोडणीचे) यूएसबीत रूपांतर करणारी चिप त्या रीसेटमध्ये जी गोठायची ती वायर काढेपर्यंत तशीच राहायची. त्यात अशा केसिंगला वीजही यूएसबीतूनच मिळते. यूएसबी 2 पोर्टकडून 500 मिलिअँपिअर आणि यूएसबी 3 कडून 900 मिलिअँपिअर एवढाच हक्काचा पुरवठा असतो, तर अडीच इंची डिस्कला फिरायला लागताना काही क्षण याहून अधिक वीज लागू शकते. माझ्या बाबतीत चिप अधिक दोषी की वीज, याचा निवाडा मी केलेला नाही आणि करण्याची इच्छाही उरलेली नाही.

सहाव्या दिवशी भावाच्या जुन्या डेस्कटॉपचे झाकण काढले, केसिंगमधून डिस्क बाहेर घेतली आणि मदरबोर्डच्या साटा केबलला व वीजपुरवठ्याच्या तारेला थेट जोडली. अडीच इंची डिस्कला तेच कनेक्टर चालतात. उरलेली डिस्क त्याच दुपारी उतरली, खरवडायला आणखी दोन दिवस लागले, आणि अखेर न वाचता आलेला भाग राहिला 188 केबी.

काही गोष्टी आठवतील तशा सांगते. काही तयार पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचे तोंड डिस्कच्या सर्किट बोर्डवरच असते, तिथे साटाची वाट मिळत नाही. काहींमध्ये केसिंगची चिपच माहिती कूटबद्ध करते, तिथे डिस्क थेट जोडली तर हाती नुसता कचरा येतो. तेव्हा स्क्रू काढण्यापूर्वी हे पाहून घ्यावे. लिनक्सने डिस्क आपणहून माउंट करू नये, म्हणजे फाइली वापरण्यासाठी उघडू नये, अशी व्यवस्था आधीच करावी. मॅपफाइलची प्रत दर बैठकीनंतर वेगळ्या नावाने जपावी. मी ते केले असते तर ‘ट्राय अगेन’ शोधत बसावे लागले नसते. लॅपटॉपची झोप बंद करावी. फोटोरेक हा प्रोग्रॅम फाइली त्यांच्या सुरुवातीच्या खुणांवरून ओळखतो, त्यामुळे त्यांची नावे आणि फोल्डर हरवतात. डिस्कचे हरवलेले विभाग शोधणाऱ्या टेस्टडिस्कने किंवा साध्या माउंटने काम भागते का हे आधी पाहावे आणि तेही प्रतिमेच्या प्रतीवर.

माझे साध्या माउंटने भागले. कोणत्या फाइलींना धक्का लागला हे शोधण्यासाठी डीडीरेस्क्यूच्या ‘फिल’ या पर्यायाने प्रतीतल्या न मिळालेल्या जागांत एक ओळखीचा शब्द भरला आणि मग तो शब्द असलेल्या फाइली शोधल्या. एकूण तेवीस निघाल्या. एकोणीस विंडोजच्या स्वतःच्या, त्यांची मला पर्वा नव्हती. तीन छायाचित्रे होती. त्यांतल्या एकात आईच्या चष्म्यापर्यंतचा भाग स्वच्छ आहे आणि तिथून खाली सपाट राखाडी रंग. चौथे होते वहीचे एक पान. मूळ वही मावशीकडे असल्यामुळे तिने ते फोनवर टिपून पाठवले.

केसिंग अजून माझ्या खणात आहे. परवा भावाने त्यात एक निरोगी डिस्क घालून पाहिली, तर ते रात्रभर विनातक्रार चालले, त्यामुळे ते टाकून देण्याचे समाधानही मला मिळालेले नाही.