एच म्हणजे दोनशे दहा

माझ्या दुकानात काउंटरमागच्या भिंतीवर एक तक्ता टांगलेला आहे. टायरच्या अंगावर साइजच्या शेवटी जे अक्षर असतं, त्याचा अर्थ सांगणारा. जे म्हणजे ताशी १०० किलोमीटर, एल १२०, पी १५०, एस १८०, टी १९०. मग रांग मोडून एच घुसतो, २१०. पुढे व्ही २४०, डब्ल्यू २७०. डब्ल्यू कंसात असला तर २७० च्याही वर. तक्ता बारा वर्षांपासून तिथे आहे, वाचत मात्र कोणी नाही. लोक त्याच्याखाली उभं राहून विचारतात, "भाऊ, टिकेल ना?" एका माणसाने तो नीट वाचला, आणि त्या दिवसापासून मलाच त्याच्याकडे बघवत नाही.

दुकान धुळ्यात, मुंबई-आग्रा हायवेला लागून. धंदा मुख्यतः ट्रक आणि ट्रॅक्टरचा. पण या भागात हायवे सरळ झाले आणि केळी-कापसाच्या पैशातून हजार सीसीच्या गाड्या दिसायला लागल्या, तेव्हा मी त्या गाड्यांसाठी वेगळं मशीन घेतलं. त्याआधी ही पोरं टायर बदलायला नाशिक नाहीतर इंदूर गाठायची, किंवा पंक्चरवाल्याकडे टामी लावून लाखभराच्या रिमवर ओरखडे पाडून घ्यायची. टामी लावणाऱ्याचा दोष नाही म्हणा, त्याला रिमची किंमत कोणी सांगितलेलीच नसते.

मे महिन्यातला गुरुवार, २०२४. पारा चाळिशीच्या वर गेलेला, रस्त्यावर कुत्रं नाही. दुपारी हिरवी कावासाकी झेडएक्स-१०आर आली. पोरगा चोवीस-पंचवीसचा, शिरपूर तालुक्यातल्या तापीकाठच्या गावचा. पुण्यात इंजिनिअरिंग करून केळीच्या शेतीत परत आलेला. गाडी सेकंडहँड. मागून पिकअप घेऊन बाप आला. गाडीला काय लावायचं ते पोराने ठरवायचं, पैसे बापाने द्यायचे.

टायर बघण्याआधी मी कधी मालकाला विचारत नाही की गाडी कशी चालवता. टायरच सांगतं. मागचं १९०/५५ झेडआर १७, मधोमध सपाट झालेलं, डांबरावरच्या रोलरसारखं. सरळ हायवेला मधलाच पट्टा झिजतो, आपल्याकडे सगळ्यांचं असंच होतं. पण दोन्ही कडांना दोन-दोन बोटं रबर नवंकोरं होतं, साच्यातून निघाल्यापासूनचे केस अजून उभे. म्हणजे पोरगा सरळ रेषेत गाडी सोडायचा आणि वळण आलं की घाबरून सरळ व्हायचा. त्यात त्याचीही चूक नाही. टायर असं चौकोनी झालं की वळणात गाडी वाकवताना ते आधी अडतं आणि मग सपाट भागाच्या धारेवरून एकदम पडल्यासारखं होतं. ज्याने ते एकदा अनुभवलं, तो पुन्हा वाकवत नाही.

मी त्याला कोड वाचायला शिकवला. टायरच्या अंगावर 'डॉट' (DOT) असं छापलेलं असतं त्या ओळीत शेवटचे चार आकडे: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. त्याच्या टायरवर ३११७. २०१७ च्या एकतिसाव्या आठवड्यातलं. तो खाली वाकून मोबाइलची बॅटरी मारून वाचत राहिला, पुढचंही वाचलं, बापाच्या पिकअपचं पण वाचून आला. पोरं हुशार असतात, त्यांना कोणी सांगत नाही एवढंच.

मग निवड. माझ्याकडे त्या मापाच्या दोनच जोड्या होत्या. जून २०२० मध्ये सरकारने टायरची आयात मुक्त यादीतून काढून परवान्याखाली घातली, तेव्हापासून या मापात पाहिजे ते टायर पाहिजे तेव्हा मिळेल याचा भरवसा नाही. मधल्या काळात तर जुने साठे नव्याच्या भावात विकले गेले, आणि विकणाऱ्यांनी कोडवर बोट ठेवून फोटो पाठवले. असो.

पहिली जोडी स्पोर्टची, मऊ रबराची. उभ्या घाटात चिकटून चालते, पण आपल्या सरळ रस्त्यावर चार-पाच हजार किलोमीटरमध्ये मध्ये सपाट. दुसरी स्पोर्ट टुरिंगची: मधला पट्टा कडक, कडा मऊ, खाचा जास्त, रबरात सिलिका, पावसात पाणी पटकन फेकणारी. मापं तीच, भार तोच, दोन्हींच्या मागच्या टायरवर ७५ आणि कंसातला डब्ल्यू. ७५ म्हणजे ३८७ किलो. माझं मत मी तोंडावर सांगतो: खानदेशात राहणाऱ्याने दुसरी घ्यावी. इथे आठ महिने धूळ, ट्रॅक्टरने रस्त्यावर सांडलेली वाळू, आणि जुलैत शेतातून चाकाला लागून डांबरावर आलेली काळी माती. पहिल्या पावसात ती माती म्हणजे साबण.

पोराचं म्हणणं उलट. "भाऊ, इथे एवढं ऊन, मऊ रबर तर जास्त चिकटेल ना?" हा प्रश्न मला आवडला. चूक होता, पण विचार करून केलेला होता. टायर गरम होतं ते आतून, दबून-सुटून. रस्ता तापलेला असला म्हणजे मऊ रबराचं काम सोपं होत नाही, ते झिजतं मात्र लवकर. याच्याच उलटं खूळ हायवेवर आहे: उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर फुटतं. ट्रकवाले, कारवाले, चांगली शिकलेली माणसं हे करतात. हवा कमी केली की टायर जास्त दबतं, जास्त दबलं की जास्त तापतं, आणि मग फुटतं. दरवर्षी मेमध्ये मी हे शंभर वेळा सांगतो. लोक मान हलवतात आणि पुढच्या पंपावर हवा काढून घेतात.

एकशे नव्वदच्या जागी दोनशे मिलिमीटर रुंदीचं टायर बसेल का, हेही त्याने विचारलंच. सगळे विचारतात, मागून गाडी भरल्यासारखी दिसते म्हणून. मी नाही म्हणालो. त्याने वाद घातला नाही. म्हणाला, "मला मऊवालीच द्या. पुढच्या रविवारी तोरणमाळला जायचंय." आणि समोर रसवंतीवर गेला.

बाप इतका वेळ तक्त्यासमोर उभा होता. मी त्यांना आबा म्हणतो, आपल्याकडे त्या वयाच्या माणसाला तसंच म्हणतात. ते बोटाने एक-एक ओळ वाचत होते, बियाण्याच्या पिशवीवरचं वाचावं तसं. पोरगा रस्ता ओलांडून गेला हे बघून ते काउंटरवर वाकले.

"भाऊ, हाऊ एच म्हणजे दोनशे दहा ना?"

"हो आबा."

"मंग त्याले एचवाला टाका ना. दोनशे दहाना वर गाडी जावाव नही."

मला हसू आलं आणि मी ते गिळलं, कारण त्यांना हसू नव्हतं. त्यांना वाटलं होतं, ट्रकला स्पीड गव्हर्नर असतो तसं टायरलाही असतं. आकडा आला की थांबतं. मी समजावलं, की टायर गाडीला अडवत नाही. ते अक्षर म्हणजे तिथपर्यंतची कंपनीची हमी. त्या वेगाच्या वर टायर तापतं, आतल्या थरापासून रबर सुटतं, आणि मग ते दोनशे चाळीसला सुटतं. एचवालं टाकलं तर गाडी हळू होणार नाही, मरण मात्र जवळ येईल. 'मरण' हा शब्द मी मुद्दाम वापरला.

आबा गप्प झाले. मग म्हणाले, "मना एकच आंडोर शे." एकच पोरगा. आणि थोड्या वेळाने, "तुमनाकडे असं काही नही का?"

नव्हतं. ते कोणाकडेच नाही. पण बाप काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभा होता आणि मी नाही म्हणू शकलो नाही. पोरगा परत आला तेव्हा मी सरळ खोटं बोललो. म्हणालो, "ती मऊवाली जोडी वरच्या रॅकवर आहे खरी, पण २०१९ ची आहे. आत्ताच तुला कोड वाचायला शिकवला, आता तुला पाच वर्षांचं टायर कसं देऊ?" जोडी कागदात गुंडाळलेली होती, वर चढून बघायला कोणी गेलं नाही. त्याने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार, खरं बोलायची पद्धत मीच त्याला पंधरा मिनिटांपूर्वी दाखवली होती.

टुरिंगची जोडी बसवली. ते काम मात्र मी पोऱ्यावर सोडत नाही. रिमच्या कडेला प्लास्टिकचे गार्ड, बिडला, म्हणजे टायरच्या रिममध्ये बसणाऱ्या कडेला, साबणपाणी, बाणाची दिशा दोनदा बघायची. पुढच्या आणि मागच्या टायरची नक्षी उलटसुलट दिसते आणि घाईत माणूस फसतो. पिवळा ठिपका वॉल्वपाशी. बॅलन्सला पुढे दहा ग्रॅम, मागे पंधरा. हवा पुढे ३६, मागे ४२, सकाळी गाडी थंड असताना तपासायची. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वाकवायचं नाही, नव्या टायरचा गुळगुळीतपणा जायला वेळ लागतो. त्याने सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. आबांनी चाळीस हजारांच्या आसपासचं बिल पिशवीतून काढून दिलं, जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला. काहीतरी अडवणारं बसवलंय असं त्यांना वाटत होतं का? मी त्यांना तसं वाटू दिलं का? हाताच्या धरण्यावरून कळत नाही.

त्या रात्री मी स्वतःला समजावत होतो की निवड तर बरोबरच केली. पावसासाठी तीच जोडी बरी. खोटं कारणात होतं, मालात नाही. पण दुसरंही खरं होतं: तोरणमाळच्या सुक्या घाटात, मे महिन्यात, मऊ जोडीने त्याला जास्त सांभाळून घेतलं असतं. आणि नीट बसून सांगितलं असतं तर पोरगा ऐकणारा होता. त्याचे प्रश्न तसे होते.

पावसाळा गेला. पोरगा डिसेंबरात आला, मागच्या टायरला खिळा. मशीनवर घेण्याआधी मी सवयीने हात फिरवला. साडेनऊ हजार किलोमीटर झाले होते, मधला पट्टा झिजून खुणेला आला होता. आणि कडा संपल्या होत्या. दोन बोटं नव्हे, रेघभर रबर नवं उरलं नव्हतं. शेवटच्या टोकाला वितळून गोळा झालेले बारीक दाणे. डाव्या बाजूला, उजव्या बाजूला, सारखे.

म्हणजे नव्या गोल टायरवर गाडी अलगद वाकली. पोराची भीती गेली. टायर टिकतंय म्हणून दर रविवारी निघायला लागला, कधी तोरणमाळ, कधी पळासनेरच्या पुढे बिजासनचा घाट. आबा माझ्याकडे जे मागत होते ते त्यांच्या पोराच्या गाडीला आधीपासून बसवलेलं होतं: ते जुनं, चौकोनी झालेलं, २०१७ चं टायर. तेच त्याला वळणात अडवत होतं. मी ते काढलं. काढायलाच हवं होतं, त्यावर तो कुठल्यातरी पहिल्या पावसात गेला असता. पण तरी.

मी मान वर केली तर पोरगा रॅकपाशी. उन्हाळ्यानंतर झाडलोट करताना पोऱ्याने ती मऊ जोडी खाली आणून कागद काढून ठेवली होती. तो बॅटरी मारून वाचत होता.

"भाऊ, यावर ४१२३ आहे."

मी काही बोललो नाही.

"म्हणजे ऑक्टोबर २०२३. मेमध्ये सात महिन्यांचं होतं."

"हो."

तो चिडेल असं वाटलं. तो बराच वेळ टायरकडे बघत राहिला, मग म्हणाला, "बापू काही बोलले होते का तेव्हा?" घरी तो वडिलांना बापू म्हणत असावा. मी तक्त्याकडे बोट केलं आणि एच, दोनशे दहा, सगळं सांगितलं. तो हसेल असंही वाटलं होतं. हसला नाही. खिशात हात घालून तक्त्यासमोर जाऊन उभा राहिला, बाप उभा होता तिथेच.

मागचं झिजलेलंच होतं, खिळा बुजवून देण्यात अर्थ नव्हता. या गाड्यांच्या टायरला मी तसाही पंक्चर लावून देत नाही. पुढचंही अर्ध्यावर आलं होतं. तो म्हणाला, "हीच जोडी लावा." थंडीचे दिवस, पाऊस लांब, रस्ते कोरडे. या वेळी माझ्याकडे नाही म्हणायला खरं कारण नव्हतं, आणि खोटं संपलं होतं. लावून दिली. सकाळी थंड टायर एकदम वाकवू नको, गरम व्हायला वेळ दे, एवढं तीनदा सांगितलं.

संध्याकाळी शटर ओढताना आबांचा फोन आला. बिल किती झालं ते विचारलं, केळीचा भाव सांगितला, मग थोडं थांबून:

"भाऊ, तुमले टायर देखीसन समजस ना, तो कितली पयाडस?"

जुनं टायर माझ्या पायाशीच पडलेलं होतं, कडा वर करून.

"हवा बरोबर होती आबा," मी म्हणालो. "पुढे छत्तीस, मागे बेचाळीस. पोरगा हवा रोज बघतो."