प्रिझमला बुरशी लागू नये म्हणून

कोल्हापूरचा पाऊस राधानगरी भरतो आणि प्रयोगशाळेतल्या भिंगांना बुरशी लावतो. आमच्या भौतिकशास्त्र विभागात आर्द्रतेची नोंद वहीत व्हायची, पण रात्री आणि रविवारी कपाटात काय चालतं ते वहीला कुठून कळणार? म्हणून मॅडमनी आपोआप नोंद घेणारी यंत्रणा बसवायचं काम माझ्याकडे दिलं.

आर्द्रतेला डीएचटी२२ सेन्सर, तापमानाला डीएस१८बी२० सेन्सर, नोंदींसाठी ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर. जोडणीबद्दल सांगण्यासारखं विशेष काही नाही. वेळ खाल्ला तो आकड्यांच्या खरेपणाने. शेजारी-शेजारी ठेवलेले दोन सेन्सर वेगवेगळी आर्द्रता दाखवत होते. खरा कोणता?

त्यावर उपाय स्वयंपाकघरातला. मिठात जेमतेम लगदा होईल इतकं पाणी घालून तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा. आतल्या हवेची आर्द्रता २५ अंशांच्या आसपास ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सेन्सर वर लटकवून रात्रभर ठेवायचा, लगद्याला टेकवायचा नाही. "काय वो सर, लोणचं घालताय काय?" प्रयोगशाळेतल्या मदतनीस मामांनी विचारलंच. तापमानासाठी वितळत्या बर्फाचा शून्य अंश. उकळत्या पाण्याने तपासणार असाल तर १०० धरू नका; कोल्हापूरच्या उंचीवर पाणी ९८ च्या आसपासच उकळतं.

मग कपाट. भिंतीलगतचा खालचा कप्पा सगळ्यात दमट निघाला, आणि प्रिझम नेमके तिथेच! ते वर हलवले, ओलावा शोषणारं सिलिका जेल ठेवलं, छोटा बल्ब लावला. बल्बने हवेतली वाफ कमी होत नाही, तापमान वाढून सापेक्ष आर्द्रता तेवढी उतरते. त्यामुळे वीज गेली की आलेख पुन्हा वर चढताना दिसायचा. सिलिका जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये वाळवणं मामांनी आपणहून अंगावर घेतलं.

डिफ्यूजन पंपाचा प्रश्न वेगळा. हा पंप तापवलेल्या तेलाच्या वाफेने चेंबरमधली हवा काढून निर्वात करतो, आणि ती वाफ थंड पाणी फिरवून पुन्हा तेल करावी लागते. थंड पाणी थांबलं तर तेल तापून वाफ चेंबरकडे जाते, सगळं घाण होतं. पाणी बाहेर पडतं त्या नळीवर सेन्सर बांधला. त्याचा इशारा फोनवर द्यावा असं सगळ्यांचं मत होतं, मला ते पटलं नाही. वीज गेली की राउटरही बंद. तिथे बॅटरीवरचा भोंगा लावला आणि खाली कागद चिकटवला: आधी हीटर बंद करा. पंप थंड होईपर्यंत आत हवा सोडू नका. मग फोन करा.